आप्पांच्या शेजारची बाई

"मॅडम, हिच्या कपाळाला कुंकू लावता येतंय का तुमच्या मशीनवर?"

मी मान वर न करताच विचारलं, "केवढं?"

"रुपयाएवढं. ती लावायची तेवढं."

"दहावा कधी आहे? तारीख टाकायची ना?"

मग मी वर बघितलं. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा पायजमा, कडक इस्त्रीची टोपी, आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एकच पासपोर्ट साईजचा फोटो. ते माझ्याकडं असं बघत होते की मला लाज वाटली.

"कसला दहावा? हरवलीया ती," ते म्हणाले. "परवा दुपारपासनं सापडत न्हाई."

मी माफी मागितली. पण माझीही चूक नव्हती म्हणा. आदल्या दिवशी, रविवारी पहाटे, आमच्याकडच्या दूध संघाचे अध्यक्ष आप्पा वारले होते आणि तेव्हापासून मी श्रद्धांजलीशिवाय दुसरं काही बघितलंच नव्हतं. गावागावातल्या दूध डेऱ्या, तालीम मंडळं, गणेश मंडळं, सगळ्यांना आप्पा हवे होते. फोटो तोच, फक्त खालची नावं बदलायची. तीनशेच्या वर फ्लेक्स झाले होते आणि फोन थांबत नव्हते.

मी सुषमा भिंगारदिवे. विट्यात एका फ्लेक्सच्या दुकानात तेव्हा डिझायनर होते. डिझायनर म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून लोकांचे वाढदिवस, निवडी, बारशी आणि मयती फ्लेक्सवर बसवणारी बाई. सहा वर्षं झाली होती आणि तालुक्यात माझ्याइतका फास्ट हात कुणाचा नाही, हे मी स्वतःच सांगत फिरायचे. दुसरं कोण सांगणार? गिऱ्हाईक मजकूर वाढवत बसलं की मी त्याला सरळ ऐकवायचे, "दादा, रस्त्यावरचा माणूस वाचत नसतो. गाडीवरून जाता जाता दोन सेकंद बघतो आणि पुढं जातो. त्या दोन सेकंदांत काय कळायचं ते कळलं पाहिजे." मोठी आले होते शिकवणारी.

त्या गृहस्थांचं नाव मारुती दिवटे. जन्म सगळा यंत्रमागावर गेलेला. बायको इंदुमती, वय सहासष्ट. पोटी मूलबाळ नाही. गेली सहा वर्षं तिला विसरण्याचा आजार होता. शनिवारी दुपारी हे दळण आणायला गिरणीत गेले, दहा मिनिटांत आले तर दार उघडं आणि घरात कोणी नाही. पोलिसांत तक्रार दिली होती. तिथल्याच एका हवालदारानं सांगितलं होतं की फोटो लावा गावात, त्यानं लवकर सापडतात माणसं.

"दुसरा फोटो नाही का मामा?" मी विचारलं.

तो फोटो आधार कार्डासाठी काढलेला होता. बाई रागानं बघत होती. कपाळ मोकळं, केस पिंजारलेले, पदर एका खांद्यावरून घसरलेला.

"दुसरे हायत, पर लई जुने. ह्योच अलीकडचा. पर असं न्हाई दाखवायचं तिला लोकांस्नी," ते म्हणाले. "लई नेटकी बाई हुती. फणी फिरवल्याबिगर दारात सुदीक यायची न्हाई. आता तिला कळत न्हाई म्हणून काय झालं? मला कळतंय की."

मला ते आवडलं. सहा वर्षांत बायकोच्या दिसण्याची अशी काळजी करणारा नवरा दुकानात आला नव्हता. मी म्हटलं, "बसा. अशी करून देते की सापडल्यावर म्हणाल, फोटोसारखी दिस."

मालक रियाजभाई आतून मशीनजवळून ओरडले, "सुषमा, आप्पांचा रोल चालू आहे. मशीन थांबवायला लावू नको. त्याच साईजमध्ये बसव, त्याच शीटवर शेजारी टाक. मधल्या मधे निघून जाईल."

आमच्या धंद्यात ही रोजची गोष्ट. एक मोठी शीट छापायची आणि मग कापून वेगळं करायचं. शेजारी शेजारी दोन ऑर्डरी असल्या तर साईज एक असलेली बरी, नाहीतर फ्लेक्स वाया जातं आणि कापणारा शिव्या देतो. मी आप्पांचीच फाईल उघडली, तिची दुसरी प्रत केली आणि तिच्यावर काम चालू केलं.

आप्पा काढले. हार काढला. खालच्या दोन समया काढल्या, कोपऱ्यातली पांढरी फुलं काढली, 'भावपूर्ण श्रद्धांजली' काढलं. मग इंदुमतीबाईंना आणलं. केस नीट केले. कपाळाला कुंकू लावलं, रुपयाएवढं, मामा मागं उभे राहून सांगत होते, "जरा खाली. हां, तिथंच." दुसऱ्या एका बाईच्या फोटोतला पदर घेऊन डोक्यावर बसवला. कपाळाची आठी पुसली. ओठांची टोकं केसभर वर घेतली, तेवढ्यानं राग गेला आणि बाई समजूतदार दिसायला लागली. फोटोत खांदे अर्धवट तुटलेले होते, ते झाकायला मी कडा पुसट केल्या आणि मागच्या आभाळात विरघळवल्या. डोक्यामागं थोडा उजेड आधीचाच होता, तो छान दिसला म्हणून राहू दिला. वर त्याच जागी, त्याच अक्षरांत 'हरवल्या आहेत' लिहिलं. खाली वय, आजार, अंगातली हिरवी साडी आणि फोन नंबर. आप्पांच्या फाईलमध्ये सगळ्यात खाली शोक करणाऱ्यांची नावं होती, तिथं एकच नाव टाकलं, मारुती दिवटे.

सगळं मिळून बारा मिनिटं लागली.

पहिली प्रत मशीनमधून बाहेर आली तेव्हा मामा जवळ गेले. दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघत राहिले. शाईचा वास होता, रियाजभाई म्हणाले, "ओली आहे अजून, हात लावू नका." मामांनी हात काढला नाही.

"बरी झालीय का?" मी विचारलं. खरं तर मला शाबासकी हवी होती.

"चांगली दिसतीया," ते म्हणाले, आणि टोपी काढून परत घातली.

चाळीस प्रती केल्या. रियाजभाईंनी काही घेतलं नाही. आप्पांच्या फ्लेक्ससाठी दूध संघाच्या लोकांनी गावभर बांबू उभे केले होते, त्यामुळं मामांना आणि त्यांच्या गल्लीतल्या दोघांना वेगळी खटपट करावी लागली नाही. जिथं आप्पा होते तिथं शेजारी जागा होती. संध्याकाळपर्यंत एस.टी. स्टँड, बाजारपेठ, दवाखान्याचा कोपरा आणि गावाबाहेरची तिकटी, सगळीकडं इंदुमतीबाई लागल्या.

मंगळवारी सकाळी मामा दुकानात आले. "फोन आला का कुणाचा?" मी विचारलं.

"न्हाई. म्हणून तर आलो. माझा फोन चालू हाय का बघ बरं. तू लाव."

मी माझ्या फोनवरून लावला. त्यांच्या खिशात वाजला. त्यांनी तो काढला, माझा नंबर बघितला आणि तरीही उचलून कानाला लावला. "हॅलो," ते म्हणाले. मी त्यांच्या समोर बसून म्हटलं, "चालू आहे मामा."

बुधवारी आले. परत तेच. गुरुवारी आले तेव्हा मी न सांगताच त्यांचा नंबर लावला. चाळीस फ्लेक्स, तीन दिवस, आणि एक फोन नाही. चुकीचासुद्धा नाही. बाकी कसली जाहिरात लावली तर टवाळ पोरं तरी फोन करून त्रास देतात, इथं तेही नाही. मला गावाचा राग आला. मी रियाजभाईंना म्हटलं, "माणुसकी मेलीय लोकांची. एवढा मोठा नंबर लिहिलाय." ते म्हणाले, "कुणाला दिसली नसेल तर कोण फोन करणार? बाई लांब गेली असेल." मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तिकटीजवळच्या एका नव्या दुकानाच्या पाटीचं माप घ्यायला गेले होते. तीन रस्ते मिळतात तिथं, बसथांबा आहे, आणि थांब्याला लागून एका मावशींचा वड्याचा गाडा होता. मी वडापाव घेतला आणि बाकावर बसले. समोर दोन बांबूंच्या मधे आप्पा होते आणि त्यांच्या शेजारी माझ्या इंदुमतीबाई. उन्हात रंग छान उठले होते.

मावशींनी माझी नजर बघितली. "वाईट झालं बिचारीचं," त्या म्हणाल्या. "वय काय फार दिसत न्हाई."

"कुणाचं?"

"ह्यांचंच की." त्यांनी झाऱ्यानं दाखवलं. "सवाष्ण गेली म्हणायचं. आप्पांच्या घरातल्या का ओ?"

"मावशी, त्या गेलेल्या नाहीत. हरवल्यात. वर लिहिलंय बघा."

"काय?"

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"सातवी झालीया माझी," मावशी जरा रागानंच म्हणाल्या. मग झारा कढईत ठेवला, डोळ्यांवर हात धरला आणि अक्षर अक्षर वाचलं. हरवल्या आहेत. "पर हे कोण वाचतंय, बाई? लांबनंच कळतंय की श्रद्धांजली हाय ती. आम्ही सगळ्यांनी हात जोडले हो त्या दिवशी लावल्यावर."

मी त्या फ्लेक्सकडं बघितलं. पहिल्यांदाच बघितलं म्हणा ना. तोपर्यंत मी माझं कामच बघत होते, कुंकू कसं बसलंय, पदर कसा बसलाय. आता गाडीवरून जाणाऱ्या माणसासारखं बघितलं, दोन सेकंद. फिकट निळं आभाळ. डोक्यामागं उजेड. छातीपासून खाली धुकं. पायांचा पत्ता नाही.

मावशी मात्र माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. "मंग ती बाई..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"कोण बाई?"

"आलती एक. मंगळवारी."

"कोण बाई मावशी? सांगा ना नीट."

त्यांनी गॅस बंद केला. पदरानं हात पुसले आणि माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. बोलताना त्या सारखं त्या फ्लेक्सकडं बघत होत्या.

"हिरवी साडी हुती. केस सगळे सुटल्याले. पायात काय न्हाई. मला वाटलं, कोण तरी येडी हाय. हितंच बसली, तू बसलीयास तिथं. मी चहा दिला. म्हटलं, आजी, नाव काय तुमचं? तर काय सांगंना. कुठल्या गावच्या? तर न्हाई. मंग तिनं वर बघितलं. त्या फोटूकडं. लई वेळ बघितलं. आन बोट दाखवून म्हणली, ही मी."

मी वडापाव कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"दोन गिऱ्हाईकं हुती, ती हसली. मी म्हटलं, आजी, असं बोलू नये. गेल्याल्या माणसाची अशी चेष्टा करू नये. तर परत म्हणली, ही मीच. उठून जवळ गेली, फोटूला हात लावला. तोंडावळा जरा तसाच हुता गं, मलाबी तवा वाटलं. पर मेल्याल्या बाईचा तोंडावळा घेऊन कोण समोर उभी राहिली तर काय वाटंल? अंगावर काटा आला माझ्या. मी म्हटलं, जा बाई हितनं."

"गेली?"

"गेली. बुधवारी परत आली. चहा नको म्हणली. कुंकू दे म्हणली."

"कुंकू?"

"माझ्या गल्ल्याजवळ देवाचा फोटू हाय, तिथं कुंकवाची डबी असती. ती बघितली तिनं. फोटूत हाय तसं लावायचं हुतं तिला. केसावरनं हात फिरवत हुती, पदर डोक्यावर घेत हुती, न् सारखी फोटूकडं बघत हुती, हाय का तसं म्हणून." मावशींनी गल्ल्याजवळच्या डबीकडं बघितलं. "मी न्हाई दिलं. मला भ्या वाटलं. मी म्हटलं, येडे, मेलेल्या बाईचं सोंग घेतीयास व्हय? आन एका टेंपोवाल्याला म्हटलं, हिला ने बाबा कुठंतरी लांब. मागासाठी सुताची बाचकी घेऊन चाललाता तो. त्यानं नेली."

"कुठं?"

"काय म्हाईत. मी विचारलं न्हाई."

थोड्या वेळानं त्यांनी माझा हात धरला. "त्यांच्या मालकांना सांगू नको हां, मी हाकललं ते. मी जाणूनबुजून न्हाई केलं. शपत."

"नाही सांगत," मी म्हटलं. मी तरी काय सांगणार होते त्यांना? की मावशी, तुम्ही बरोबर वाचलंत, मीच तसं लिहिलं होतं?

दुकानात जाऊन मी पहिल्यांदा रियाजभाईंना सांगितलं. ते कॉम्प्युटरजवळ आले, फाईल उघडून बघितली आणि स्टुलावर बसले. "या अल्ला," एवढंच म्हणाले. मग मामांना फोन केला. मी त्यांना सांगितलं की तिकटीवर मंगळवारी-बुधवारी दिसल्यात, एका टेंपोतून गेल्यात. बाकीचं गिळलं. रियाजभाई त्यांना गाडीवर घेऊन तिकटीला गेले. मावशींनीही त्यांना तेवढंच सांगितलं, चहा घेतला, टेंपोत बसल्या. टेंपो कुणाचा ते कळलं नाही.

मग मी दुसरा फ्लेक्स केला. या वेळी मामांच्या घरून जुना फोटो मागवला, पुतण्याच्या लग्नातला. त्यात इंदुमतीबाई मांडवाच्या खांबाजवळ उभ्या होत्या, डोक्यापासून चपलांपर्यंत पूर्ण. त्याच्या शेजारी तो आधारचा, रागावलेला, जसाच्या तसा. पिंजारलेल्या केसांना हात लावला नाही. मागं पिवळा जर्द रंग, वर लाल पट्टी, काळ्या जाड रेघेची चौकट, आणि नंबर एवढा की पलीकडच्या रस्त्यावरून वाचता यावा. इतकं भडक, इतकं ओबडधोबड काम मी आयुष्यात केलं नव्हतं. शनिवारी सकाळी मी आणि रियाजभाईंनी स्वतः जाऊन गावात होते तेवढे सगळे जुने काढले आणि हे लावले.

दुपारी बाराच्या आत पहिला फोन आला. रविवार संध्याकाळपर्यंत सात आले. रिक्षावाल्याचा, एका शाळेच्या शिपाईमामांचा, देवळाजवळ फुलं विकणाऱ्या बाईचा. सगळ्यांनी तिला बघितलं होतं. रविवारी आप्पा गेले त्या दिवशी देवळाच्या पायरीवर, सोमवारी बाजारात, मंगळवारी तिकटीवर. चार दिवस ती गावातच फिरत होती. दिवट्यांच्या घरापासून सगळ्यात लांबची जागा दीड-दोन किलोमीटर असेल. सातवा फोन त्या टेंपोवाल्याचा. बाई गाडीत मिरज मिरज म्हणत होती. तिचं माहेर मिरजेचं. माहेरचं कोणी उरलं नव्हतं, पण हे त्याला कसं कळणार? त्यानं बिचाऱ्यानं भलेपणानं तिला बुधवारी संध्याकाळी मिरज स्टेशनच्या दारात सोडलं होतं, जवळचे दोन बिस्किटाचे पुडेही दिले होते.

मिरज म्हणजे मोठं जंक्शन. तिथून गाड्या पुण्याला जातात, सोलापूरला जातात, खाली कर्नाटकात जातात. मामा आणि रियाजभाई दोन दिवस तिथं फिरले. हमालांना विचारलं, स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांना विचारलं. गुरुवारपासून पुढं कुणीही तिला बघितलेलं नव्हतं. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. इंदुमती दिवटे सापडल्या नाहीत, हे इथंच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच आशा नको.

ते दोघे मिरजेहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी पाच-साडेपाचला मी मामांच्या घरी गेले. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट चालू होता. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भिंतीला तो पहिला फ्लेक्स लावलेला होता, वर-खाली चार खिळे ठोकून. एक प्रत त्यांनी घरी ठेवली असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"ये पोरी," ते म्हणाले. मॅडमची आता पोरी झाले होते मी. "बस. रियाज म्हणत हुता, तू दोन दिवस जेवली न्हाईस."

मी सतरंजीवर बसले. समोर भिंत होती, म्हणून मी खाली बघत राहिले.

शेजारची एक बाई ताट घेऊन आली, वर फडकं झाकलेलं. ताट ठेवलं, भिंतीकडं बघितलं, आणि जाता जाता तिचे हात आपोआप जोडले गेले. तिला स्वतःला ते कळलंही नसेल. मामांनी ते बघितलं. ती गेल्यावर म्हणाले, "एक इचारू का तुला?"

"विचारा."

"दुसऱ्या पोस्टरवर दीड दिवसात सात फोन आले. पयल्यावर चार दिवसांत एकबी न्हाई. गाव तेच, लोकं तीच, नंबर त्योच. असं का झालं?"

मी ठरवूनच आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आप्पांची फाईल सांगितली, शीट सांगितली. आभाळ कशाचं, डोक्यामागचा उजेड कशाचा, कडा का पुसट करतात. वाढदिवसाच्या माणसाला आम्ही पाय दाखवतो, चालता दाखवतो, कानाला फोन लावलेला दाखवतो, आणि गेलेल्या माणसाला छातीखाली काही ठेवत नाही. तुमची बायको पायी फिरत होती मामा, आणि मी तिला पायच दिले नाहीत. अक्षरं खरी होती, पण ती कुणी वाचायच्या आतच चित्रानं सांगून टाकलं होतं की ही गेली. मावशींना दिलेला शब्दही मी मोडला. तिकटीवर काय झालं ते सांगितलं. ती बोट दाखवून काय म्हणाली ते सांगितलं. कुंकवाचंही सांगितलं, कारण ते लपवून ठेवायची माझ्यात ताकद नव्हती.

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं. "मला काय बोलायचं ते बोला."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोनदा म्हणली?"

"हो. मंगळवारी दोनदा."

"सहा वर्षं झाली, तिला आरशात बघितलं तर वळखायचं न्हाई. आरशाला म्हणायची, ही कोण बाई आलीया घरात, हिला जेवाय वाढा." ते भिंतीकडं बघत होते. "आन तिथं वळखलं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. समजूत काढली नाही की गप्प बस म्हणाले नाहीत.

"मला दिसलं हुतं ते," ते म्हणाले.

"काय?"

"तू आता सांगितलंस ते. मशीनमधनं भाईर आली तवाच. मला त्यातलं काय कळत न्हाई, निळं काय न् उजेड काय. पर बघितलं. म्हटलं, ही तर गेल्यागत दिसतीया. तुला सांगणारच हुतो. तोंडापातूर आलं हुतं, पोरी हे बदल म्हणून."

"मग?"

"मंग बघत ऱ्हायलो." त्यांनी टोपीची घडी बोटांनी सरळ केली. "इतकी शांत दिसत हुती. सहा वर्षं मी तिला तशी बघितली न्हवती. मला चोर म्हणायची. ताट भिरकवायची. अंघोळ घालताना चावायची, ह्यो बघ वण. दिवसातनं चारदा दार उघडून पळायची आन मी मागनं पळायचो. सत्तर वर्षांचा माणूस. आन तिथं ती नेटकी, कुंकू लावल्याली, कुणाला काय तरास न्हाई. घटकाभर माझ्या मनात आलं, असंच असू दे. घटकाभरच, बरं का. पर आलं." ते थांबले. "म्हणून मी म्हटलं, चांगली दिसतीया."

बाहेर माग चालूच होते. मला काहीतरी बोलायला हवं होतं, की मामा, तुमचा दोष नाही, माणूस थकतो. ते खरंही होतं. पण माझ्या तोंडून ते निघेना, कारण मग माझाही दोष नाही असं झालं असतं.

"सोमवारी मी असं म्हटलं," मामा म्हणाले. "आन मंगळवारी ती तिकटीवर उभी ऱ्हाऊन लोकांस्नी सांगत हुती, ही मी म्हणून."

त्यांनी ताटावरचं फडकं काढलं. दोन भाकरी होत्या आणि वांग्याची भाजी. एक भाकरी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. मी नको म्हटलं नाही. त्या भिंतीकडं पाठ करून आम्ही दोघं जेवलो.